उदात्तीकरण : वासनेचे, कलेचे आणि खलनायकाचे

एका वाचकाने विचारलेली शंका अशी आहे : ‘वर्तमानपत्रात “या चित्रपटात गुंडगिरीचे उदात्तीकरण केले आहे” असे वाचायला मिळते, तेव्हा तो आरोप असतो. मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात उदात्तीकरण ही मनाची निरोगी, समाजाला उपकारक अशी क्रिया म्हणून येते. साहित्यसमीक्षेत “कवीने आपल्या दुःखाचे उदात्तीकरण केले” असे वाक्य स्तुतीसारखे वापरले जाते. मग हा शब्द चांगल्या अर्थाचा की वाईट अर्थाचा, आणि यांतला बरोबर वापर कोणता?’

थोडक्यात उत्तर द्यायचे तर हे एकच रूप असलेले दोन निराळे शब्द आहेत असे मानावे. समीक्षेतला तिसरा वापर बहुतेक वेळा त्या दोघांच्या सरमिसळीतून आलेला असतो. पण थोडक्यात दिलेल्या उत्तराने समाधान होण्यासारखी ही शंका नाही, कारण हा घोळ केवळ मराठीचा नाही. मनोविश्लेषणाचा प्रवर्तक सिग्मंड फ्रॉइड यालाही तो जाणवला होता आणि 1914 साली त्याने स्वतःच त्याचा निवाडा करून ठेवला आहे.

आधी शब्दाकडे पाहू. ‘उदात्त’ हा उद् + आ + दा या धातूपासून झालेला शब्द आहे. ‘आत्त’ म्हणजे घेतलेले आणि ‘उदात्त’ म्हणजे वर घेतलेले, उचललेले. वेदपठणात उंच उच्चारल्या जाणाऱ्या स्वराला उदात्त म्हणतात आणि पाणिनीचे ‘उच्चैरुदात्तः’ हे सूत्र सर्वपरिचित आहे. उंची स्वराची होती, ती पुढे स्वभावाची झाली. ‘धीरोदात्त’ नायक हे त्याचे ठळक उदाहरण. ‘-ईकरण’ हा शेपटीचा भाग संस्कृत व्याकरणातल्या च्वि प्रत्ययाने येतो आणि त्याचा अर्थ ‘जे तसे नव्हते ते तसे करणे’ असा आहे. राष्ट्रीयीकरणाआधी बँक राष्ट्राची नसते आणि शुद्धीकरणाआधी पाणी शुद्ध नसते. ही अट पाळायची तर उदात्तीकरणात एखादी गोष्ट खरोखर बदलायला हवी, ती नुसती उदात्त ‘दाखवून’ भागणार नाही. (जाता जाता : हा ‘ई’ दीर्घच लिहावा, ‘उदात्तिकरण’ हे रूप अशुद्ध आहे.)

मराठी मानसशास्त्रात हा शब्द ‘सब्लिमेशन’साठी घेतला गेला. फ्रॉइडचा मूळ जर्मन शब्द ‘सुब्लिमीरुंग’. त्याच्या पोटात लॅटिनमधला ‘उंच’ या अर्थाचा शब्द आहे आणि त्याचबरोबर रसायनशास्त्रातली एक क्रियाही आहे : घन पदार्थ न वितळता थेट वायुरूप होणे आणि थंडावा मिळताच पुन्हा घनरूपाने जमणे. शाळेच्या विज्ञानात आपण याला संप्लवन म्हणतो आणि उदाहरण म्हणून कापूर किंवा नवसागर सांगतो. आयुर्वेदाच्या रसशाळेत याहून बोलके उदाहरण आहे. पारा आणि गंधक यांची कज्जली (खलून केलेली काळी भुकटी) काचेच्या कुपीत भरून ती कुपी वालुकायंत्रात, म्हणजे वाळूने भरलेल्या भांड्यात, तापवत ठेवतात, आणि तयार होणारा लाल रससिंदूर कुपीच्या तळाशी न सापडता तिच्या गळ्याशी जमलेला सापडतो. द्रव्य खालून वर जाते, वाटेत त्याचे रूप पालटते आणि ते नव्या जागी स्थिरावते. फ्रॉइडच्या कल्पनेचा गाभा नेमका हाच आहे. कामप्रेरणेची शक्ती नष्ट होत नाही, दडपलीही जात नाही; तिचे मूळ लक्ष्य सुटते आणि ती ज्ञान, कला, समाजकार्य अशा दुसऱ्या लक्ष्याकडे वळते. 1905 सालच्या लैंगिकतेवरील तीन निबंधांत ही कल्पना स्पष्टपणे मांडलेली आहे.

जर्मन वाचकाला एक सोय आहे, जी इंग्रजी आणि मराठी वाचकाला नाही. सौंदर्यशास्त्रात कांटने ज्याची चर्चा केली त्या ‘उदात्ता’साठी जर्मनमध्ये ‘एरहाबन’ हा अगदी वेगळा शब्द आहे. इंग्रजीत मात्र प्राचीन ग्रीक साहित्यविचारक लाँजायनस याच्या ग्रंथातले उदात्त आणि फ्रॉइडचे सब्लिमेशन हे एकाच लॅटिन मुळावरचे शब्द आहेत. आपण दोन्ही कल्पना घेतल्या आणि दोन्हींना ‘उदात्त’ हेच मूळ दिले. परिणामी ज्या कलाकृतीत उदात्तीकरण झाले ती कलाकृती उदात्त असलीच पाहिजे, असा ग्रह सहज होतो. फ्रॉइडच्या मांडणीत असे काहीही नाही. बीभत्स व्यंगचित्र, चावट विनोद, रक्तलांच्छित शोकांतिका यांमागेही हीच प्रक्रिया असू शकते, कारण ती सांगते शक्ती कोठून आली आणि कोठे वळली एवढेच. कलाकृतीची प्रत किंवा तिचा रस कोणता हे ठरवणे तिचे काम नाही.

कलेच्या संदर्भात फ्रॉइडने ही कल्पना सर्वांत विस्ताराने वापरली ती 1910 सालच्या लिओनार्दो दा विंचीवरील निबंधात. चित्रे अपुरी सोडणारा, वर्षानुवर्षे पाण्याचे प्रवाह आणि पक्ष्यांचे पंख न्याहाळणारा आणि कोणाशी शरीरसंबंध असल्याचा फारसा मागमूस न ठेवणारा हा माणूस फ्रॉइडला कोड्यासारखा वाटला. त्याने लावलेला अर्थ असा की लिओनार्दोच्या कामप्रेरणेचा मोठा भाग बालपणीच जिज्ञासेत पालटला आणि पुढे ही जिज्ञासाच त्याच्या चित्रकलेच्या आड येऊ लागली. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की उदात्तीकरणाने चित्रे वाढली असे फ्रॉइड म्हणत नाही. एका उदात्तीकरणाने दुसऱ्याचा घास घेतला, असे त्याचे म्हणणे आहे. ‘उदात्तीकरण म्हणजे कलेची जननी’ असे सुटसुटीत वाक्य लिहिणाऱ्यांनी हा निबंध वाचला नसावा, अशी मला दाट शंका आहे.

या निबंधाचा सर्वांत गाजलेला भाग मात्र भाषांतराच्या चुकीवर उभा आहे आणि शब्दचर्चेत त्याला जागा द्यायलाच हवी. लिओनार्दोने पक्ष्यांच्या उड्डाणासंबंधी लिहिताना एक आठवण नोंदवली आहे : आपण पाळण्यात असताना एक पक्षी आला, त्याने शेपटाने आपले तोंड उघडले आणि ओठांच्या आत ते शेपूट अनेकदा आपटले. मूळ इटालियन शब्द ‘निब्बिओ’ म्हणजे घार. फ्रॉइडसमोरच्या जर्मन भाषांतरात तिचे गिधाड झाले होते. गिधाड म्हटल्यावर फ्रॉइडला इजिप्तची गिधाडमुखी मातृदेवता मुत आठवली, आणि गिधाडांत नर नसतात, माद्या वाऱ्यापासूनच गर्भ धारण करतात, ही जुनी समजूतही आठवली. त्यातून वडिलांवाचून आईजवळ वाढलेल्या मुलाचे चित्र त्याने रंगवले. 1923 साली हा घोटाळा छापून निदर्शनास आणला गेला आणि 1956 साली कलेतिहासकार मायर शापिरोने त्याची सविस्तर झाडाझडती घेतली. दरम्यान फ्रॉइडचा स्नेही ओस्कार फिस्टर याला लूव्र संग्रहालयातल्या संत अ‍ॅनच्या चित्रात, मेरीच्या वस्त्राच्या चुण्यांत, चक्क गिधाडाची आकृती दिसली होती! घार परत आणल्यावर इजिप्तचा मनोरा कोसळतो. जिज्ञासेसंबंधीचा मूळ तर्क त्याने आपोआप खोटा ठरत नाही, मात्र त्याचा एक देखणा आधार निघून जातो.

आता वाचकाच्या मूळ शंकेकडे वळू. 1914 सालच्या आत्मरतीविषयीच्या निबंधात फ्रॉइडने दोन क्रिया वेगळ्या केल्या. उदात्तीकरण हे प्रेरणेच्या बाबतीत घडते, प्रेरणा आपले लक्ष्य बदलते. दुसरी क्रिया विषयाच्या, म्हणजे ज्या व्यक्तीवर किंवा वस्तूवर मन जडले आहे तिच्या बाबतीत घडते. तो विषय होता तसाच राहतो, पण मनात त्याला मोठा, थोर, निर्दोष करून ठेवले जाते. या दुसऱ्या क्रियेला मराठीत आदर्शीकरण म्हणता येईल. प्रियकराला प्रेयसी जशी दिसते ते आदर्शीकरण. भक्तांना आपला पुढारी जसा दिसतो तेही आदर्शीकरणच. चित्रपटात गुंड होता तसाच क्रूर राहतो, परंतु संथगतीची चाल, घुमणारे पार्श्वसंगीत आणि टाळ्या घेणारे संवाद यांनी त्याच्याभोवती प्रभावळ उभी केली जाते. म्हणजे वर्तमानपत्रातले ‘उदात्तीकरण’ हे फ्रॉइडच्या हिशेबाने आदर्शीकरणाच्या बाजूला पडते, आणि च्वि प्रत्ययाच्या काटेकोर अर्थानेही ते उदात्तीकरण नव्हे, कारण काहीच पालटलेले नसते.

वाक्यातला वापर तपासण्यासाठी दोन खुणा उपयोगी पडतात. पहिली खूण म्हणजे षष्ठीचा शब्द. ‘वासनेचे’, ‘आक्रमकतेचे’ उदात्तीकरण असेल तर शब्द मनोविश्लेषणातला आहे. ‘गुन्हेगाराचे’, ‘हिंसाचाराचे’, ‘सतीप्रथेचे’ उदात्तीकरण असेल तर तो वृत्तपत्रीय आहे. दुसरी खूण क्रियापदाची, आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. मनोविश्लेषणातले उदात्तीकरण ‘होते’, वृत्तपत्रीय उदात्तीकरण ‘केले जाते’. पहिली क्रिया नेणिवेत घडते, ठरवून करता येत नाही. म्हणूनच ‘तरुणांनी आपल्या वासनांचे उदात्तीकरण करावे’ हा उपदेश कितीही सद्हेतूने केलेला असला तरी फ्रॉइडच्या नावावर खपवता येत नाही. 1912 साली वैद्यांना सूचना देताना त्याने उलट इशारा दिला होता की रुग्णाला उदात्तीकरणाकडे रेटण्याचा मोह टाळावा, कारण तेवढी क्षमता प्रत्येकात नसते. त्याआधी 1908 साली सुसंस्कृत लैंगिक नीतीवर लिहिताना, संयमी तरुण विद्वान सहज आढळेल पण संयमी कलावंताची कल्पना करणेही कठीण, असेही त्याने म्हटले आहे. आपल्याकडच्या ब्रह्मचर्याच्या आणि ‘ऊर्ध्वरेता’ (वीर्य वरच्या दिशेने नेणारा) या कल्पनेला उदात्तीकरणाचे भारतीय रूप म्हणून दाखवण्याची प्रथा आहे. दिशा वरची आहे एवढेच दोहोंत साम्य. ऊर्ध्वरेता होण्यासाठी साधना आणि निश्चय लागतो, फ्रॉइडच्या प्रक्रियेत निश्चयाला जवळजवळ जागाच नाही.

संस्कृतीचा प्रश्न येथेच शिरतो. प्रेरणेने नवे लक्ष्य घेतले म्हणून लगेच उदात्तीकरण होत नाही. ते लक्ष्य समाजाच्या दृष्टीने अधिक मोलाचे असले पाहिजे, असे फ्रॉइडने 1933 सालच्या व्याख्यानांतही सूचित केले आहे. पण समाजाचे मोल ठरवणार कोण? तमाशाच्या फडात ढोलकीवर बोलणाऱ्या लावणीला पांढरपेशा मराठी समाजाने दीर्घकाळ हीन लेखले आणि पुढे त्याच लावणीला नाट्यगृहात मानाने बसवले. नाचणारीच्या मनात जे घडत होते ते दोन्ही वेळी सारखेच असेल, तर पहिल्या वेळी ते उदात्तीकरण नव्हते आणि दुसऱ्या वेळी झाले, असे म्हणावे लागेल. ही अडचण मराठी शब्दाची नाही, ती मूळ संकल्पनेतच आहे. आपल्या शब्दाने ती झाकली मात्र जाते, कारण ‘उदात्त’ म्हटल्यावर उंची निर्विवाद वाटते.

उरला तो दुःखाचा प्रश्न. दुःख ही प्रेरणा नव्हे आणि विषयही नव्हे, म्हणून ‘दुःखाचे उदात्तीकरण’ वरच्या कोणत्याच चौकटीत नीट बसत नाही. ‘कवीने दुःखाला रूप दिले’ एवढे म्हटले तर ते अधिक खरे होईल. त्याहून अधिक म्हणायचे असेल तर मनोविश्लेषणातच दुसरी परिभाषा उपलब्ध आहे. मनोविश्लेषक मेलनी क्लाइनने 1929 सालच्या निबंधात एका चित्रकर्तीची हकीकत दिली आहे. घरातल्या भिंतीवरचे चित्र काढून नेले गेले, ती रिकामी जागा तिला खायला उठली, आणि कधी कुंचला हातात न धरलेल्या त्या बाईने तेथे स्वतः चित्र रंगवले. मनातल्या मनात मोडलेल्या, गमावलेल्या माणसाची डागडुजी करण्याची ओढ क्लाइनला त्यामागे दिसली. शोकातून आलेल्या कवितेला ही ‘भरपाई’ची कल्पना उदात्तीकरणापेक्षा कितीतरी जवळची आहे. संतांच्या विरहिण्यांना ‘कामाचे उदात्तीकरण’ म्हणणाऱ्या समीक्षेबद्दलही मला असाच संकोच वाटतो. विरहिणी हा परंपरेने हाती दिलेला काव्यप्रकार आहे, आणि त्यातल्या शृंगारावरून कवीच्या प्रेरणांचा प्रवास सांगायला लागणारा पुरावा आपल्यापाशी नाही.

शब्द बदलावा का? मानसशास्त्रासाठी ‘उन्नयन’ हा पर्यायही मराठीत वापरला गेला आहे, आणि तो मला अधिक पसंत आहे. त्यात वर नेण्याची क्रिया आहे, पण थोरवीचा शिक्का नाही आणि लाँजायनसशी गल्लतही होत नाही. तरीही पाठ्यपुस्तकांत रुळलेले ‘उदात्तीकरण’ आता उपटून काढण्याचा खटाटोप करू नये. कलाविषयक लेखनात जेथे घोटाळ्याची शक्यता असेल तेथे ‘प्रेरणांचे उन्नयन’ लिहावे. वृत्तपत्रीय अर्थासाठी तर मराठीत अस्सल वाक्प्रचार आहेत : देव्हारे माजवणे, उदो उदो करणे, डोक्यावर घेऊन नाचणे. गुंडाचे उदात्तीकरण होत नाही, त्याचा उदो उदो होतो.