गणित खेळून येतं का? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: माझी मुलगी पाचवीत आहे. पाढे पाठ, बेरजा-वजाबाक्या बरोबर, पण जरा वेगळं काही आलं की लगेच "आई यात गुणायचं का भागायचं?" आणि पेन्सिल खाली. क्लासमध्ये नुसत्या वर्कशीट देतात. हल्ली सगळे म्हणतात की खेळातून, प्रयोगातून गणित शिकवा, पण त्याने खरंच गणित येतं की नुसता टाइमपास होतो? आणि सुरुवात कुठून करू? (एक आई, ठाणे)

उत्तर: ताई, तुमची मुलगी कच्ची बिच्ची काही नाहीये, तिला आत्तापर्यंत फक्त उत्तरं काढायला लावलंय, शोधून काढायला काही दिलेलंच नाही. आज जेवणं झाली की हे करून बघा. घरातल्या प्रत्येकाने मनाने एक तीन अंकी संख्या घ्यायची, तिन्ही अंक सारखे नकोत, बाकी कुठलीही चालेल. समजा 831 घेतली. अंक उतरत्या क्रमाने लावले की 831, चढत्या क्रमाने 138, वजाबाकी केली की 693. आता 693 चं परत तेच, 963 वजा 369 म्हणजे 594. परत एकदा, 954 वजा 459 म्हणजे 495. आणि 495 चं केलं तर पुन्हा 495च येतं, गाडी तिथून पुढे हलतच नाही. आता बाकीच्यांच्या वह्या बघा, सगळे 495 वरच येऊन थांबलेले असतील. कुणी 211 घेतली असेल तर पहिल्याच वजाबाकीत 99 येतं आणि पोरं गडबडतात की आता दोनच अंक राहिले, तर ते 099 असं लिहायचं आणि 990 मधून वजा करून पुढे जायचं, रस्ता लांबचा आहे पण पोचतो तिथेच.

ही रीत द. रा. कापरेकरांची. नाशिकजवळ देवळालीला ते शाळेत शिक्षक होते आणि आयुष्यभर संख्यांशी खेळत बसले. त्यांचा गाजलेला आकडा चार अंकींचा आहे, 6174. चार अंकी संख्येचं हेच करत गेलात तर जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तुम्ही 6174 वर येता. 1975 साली अमेरिकेत गणिताच्या खेळांवर लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनरनी आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं आणि मग बाहेरच्या जगात त्यांचं नाव झालं. पण पाचवीला तीन अंकीच घ्या, कारण तिथे "का?" चं उत्तर मुलांना स्वतःला सापडू शकतं, आणि माझ्या मते टाइमपास आणि गणित यातला फरक तिथेच आहे. "अय्या, सगळ्यांचं सारखं आलं!" इथे थांबलात तर ती जादू झाली, पुढे जायलाच हवं.

पुढे म्हणजे काय, तर आलेली सगळी उत्तरं एकाखाली एक लिहा आणि तिला फक्त विचारा की काय दिसतंय. सांगू नका हं, कितीही वेळ लागू दे. मधला अंक नेहमी 9 असतो हे तिला दिसेल, कडेच्या दोघांची बेरीज पण 9 होते हे जरा उशिरा दिसेल. ते का? मधला अंक दोन्ही संख्यांत मधेच राहतो, त्यामुळे त्याचा वजाबाकीवर परिणामच नाही. सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान अंक तेवढे शतक-एककाच्या जागा बदलतात, म्हणून त्या दोघांत जितका फरक तितक्या वेळा 99 उत्तरात येतात. म्हणजे पहिल्या वजाबाकीनंतर 099, 198, 297 असं करत 891 पर्यंत नऊच उत्तरं शक्य आहेत, दुसरं काही येऊच शकत नाही! आता त्या नऊ संख्या कागदावर मांडून कुठून कुठे जातं ते बाणांनी दाखवायला सांगा. 099 वरून 891, तिथून 792, मग 693, 594 आणि शेवटी 495. बाकीच्याही यातच कुठेतरी येऊन मिळतात. सगळे बाण 495 ला पोचले की पाचवीतल्या मुलीने एक सिद्धता पूर्ण केलेली असते, आणि हातचे घेऊन वजाबाकी करायचा सराव एकही वर्कशीट न देता होतो तो वेगळाच. मग दोन अंकी संख्यांचं काय होतं ते तिचं तिला बघू दे, तिथे वेगळंच काहीतरी होतं.

प्रश्न: मुलगा सहावीत आहे, गणिताची वही काढली की पळतो. मोबाईलवर गणिताचे गेम घेऊन दिले, स्कोअर भारी येतो पण शाळेत काही फरक नाही. (एक बाबा, सांगली)

उत्तर: दादा, त्या गेममध्ये बहुतेक वेळा तोंडी गणितंच असतात, घड्याळ लावून आणि आवाज काढून. वेग वाढतो, पण विचार करत अडकून बसायची सवय लागत नाही आणि गणितात तीच लागते. त्याला एक चौरस काढून त्यात दोन्ही कर्ण काढायला सांगा, अट एकच, पेन्सिल उचलायची नाही आणि एकदा काढलेल्या रेषेवरून परत जायचं नाही. होणार नाही. मग त्याच चौरसावर त्रिकोणी छप्पर चढवा आणि परत सांगा. आता होतं! रेषा वाढल्या तरी काम सोपं झालं, हे कसं काय, यावर त्याला चांगलं डोकं खाजवू द्या. अगदीच अडला तर एवढंच सुचवा की प्रत्येक कोपऱ्यात किती रेषा येतात ते मोज. कोपऱ्यात एका रेषेने आलो की दुसरीने बाहेर पडावं लागतं, म्हणजे रेषा जोडीने संपतात, त्यामुळे विषम रेषांचा कोपरा फक्त सुरुवातीला किंवा शेवटी चालतो, म्हणजे असे जास्तीत जास्त दोनच. चौरसात असे चार आहेत, छप्पर आल्यावर खालचे दोनच उरतात, म्हणून सुरुवात खालच्या कोपऱ्यातूनच करावी लागते. कोनिग्सबर्ग गावातले सात पूल प्रत्येकी एकदाच ओलांडून फिरता येईल का, या कोड्याला ऑयलर या गणितज्ञाने 1736 च्या लेखात हेच उत्तर दिलं, आणि आलेख सिद्धान्त नावाची, ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांचा अभ्यास करणारी गणिताची अख्खी शाखा तिथून सुरू झाली.

प्रश्न: आमच्या वेळी पावकी, निमकी, दीडकी (पाव, अर्धा, दीडचे पाढे) तोंडपाठ करून घ्यायचे. आता खेळातून शिकायचं म्हणजे नातवाचे पाढे बंद करायचे का? (एक आजोबा, सातारा)

उत्तर: आजोबा, मुळीच नाही. पाढे येत नसतील तर वरचे खेळ पण खेळता येत नाहीत, सगळं लक्ष सात आठे किती यातच जातं. फक्त पाठ झालेल्या पाढ्याशी पण खेळू दे त्याला. एक वर्तुळ काढून त्यावर 0 ते 9 असे दहा ठिपके सारख्या अंतरावर द्या. 3 च्या पाढ्यातले फक्त एककाचे अंक घ्यायचे, 3, 6, 9, 2, 5 असे, आणि 0 पासून सुरू करून ते ठिपके त्या क्रमाने जोडत परत 0 ला यायचं. मग 7 चा पाढा दुसऱ्या रंगाने, तर तो त्याच रेषांवरून उलटा फिरतो. 4 च्या पाढ्याने पाच टोकांची चांदणी येते आणि 6 च्या पाढ्याने पण तीच. अशा जोड्या का जमतात आणि 5 एकटाच का राहतो हे नातवाला विचारा, आणि तो जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत मला लिहून पाठवा, पुढच्या अंकात घेऊ.