घड्याळ म्हणतं झोप झालीच नाही

"मॅडम, स्मार्ट घड्याळात डीप स्लीप, म्हणजे गाढ झोप, फक्त वीस मिनिटं दाखवतंय, डोक्यावर परिणाम होईल का?" नोकरी करणाऱ्या बायकांकडून हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की आज एका केसबद्दल लिहूनच टाकते. तिला विचारून लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

ती आयसीयूत सिस्टर, महिन्यातले दोन आठवडे नाईट ड्युटी. पहिल्या भेटीत बोलता बोलता सारखी मनगटाकडे बघायची, मला वाटलं निघायची घाई असेल, पण नाही, तिनं हात पुढे करून स्लीप स्कोअरच, म्हणजे घड्याळानं झोपेला दिलेले गुणच दाखवले, ४१. म्हणाली, "उठल्यावर आधी हे बघते, आकडा कमी दिसला की पोटात गोळा येतो, वाटतं आज ड्युटीवर डोस चुकला तर?"

तिची भीती खोटी नव्हती हे आधी सांगते. १९९७ साली डॉसन आणि रीड या संशोधकांचा अभ्यास आला होता, सलग १७ तास जागं राहिलं की हाताचा आणि डोळ्यांचा मेळ असा बिघडतो जसा रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असताना बिघडेल, आणि २४ तासांनी ०.१० टक्क्याच्या आसपास. ही पहिल्या नाईटच्या दिवशी सकाळी सहाला उठायची, दिवसभर घरचं उरकायची आणि रात्री तशीच ड्युटीवर, म्हणजे दुसऱ्या दिवशी सुटेपर्यंत २६ तास जागी! त्यामुळे तिला पहिली गोष्ट सांगितली ती एवढीच, की पहिल्या नाईटच्या दुपारी दीडेक तास झोपायचंच, काम राहिलं तर राहू दे.

आता घड्याळ. ते हाताच्या हालचालीवरून आणि नाडीवरून अंदाज बांधतं, झोप लागली की नाही हे बऱ्यापैकी सांगतं पण डीप किती, हलकी किती यात बरंच चुकतं, ते नीट कळायला डोक्याला वायरी लावून स्लीप लॅबमध्येच तपासावं लागतं. आकड्यांचा असा घोर लागून झोप आणखी उडते, याला २०१७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी ऑर्थोसोम्निया असं नावही दिलंय. मी म्हटलं, दोन आठवडे घड्याळ ड्रॉवरमध्ये ठेवा आणि वहीत तीनच गोष्टी लिहा, कधी आडव्या झालात, कधी उठलात, कशानं उठलात.

त्या तिसऱ्या रकान्यानं सगळं बाहेर आलं. चार दिवस लागोपाठ लिहिलेलं, "वॉशिंग मशीन". विचारलं तर म्हणाली, धुणं झालं की ते बीप बीप करतं ना, अगदी आयसीयूत पेशंटला औषध सोडणाऱ्या सिरिंज पंपासारखं, मी ताडकन उठून बसते, छाती धडधडत असते, हात पंप शोधत असतो आणि आपण घरी आहोत हे कळायलाच वेळ लागतो. हे सांगताना तिचा उजवा हात खरंच हवेत पुढे गेला होता. हॉस्पिटलमधल्या अलार्मपैकी ८५ ते ९९ टक्के अलार्मना काहीच करायची गरज नसते असा अंदाज अमेरिकेत हॉस्पिटलांचा दर्जा तपासणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेनं २०१३ मध्ये दिला होता, पण उरलेला एखादा कुठला हे आधी कळत नाही, म्हणून सिस्टरला प्रत्येक बीपला कान द्यावाच लागतो. बारा तास असे ताणलेले कान घरी आल्यावर बटण दाबून बंद होत नाहीत हो.

बाकीच्या नोंदी म्हणजे डोअरबेल, पार्सल, मुलाची वही सापडत नाही. पुढच्या वेळी नवऱ्याला बोलावलं. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या डोक्यात ती "दिवसा जरा पडते" असं होतं. मी विचारलं, रात्री दीड वाजता तुम्हाला उठवून पार्सल घ्यायला लावलं तर? तो बराच वेळ गप्प बसला, मग तिच्याकडे वळून म्हणाला, "तू कधी बोलली नाहीस." ती म्हणाली, "रोजच बोलते रे." त्या वेळी मला बोलायची गरजच नव्हती.

मग ठरलं ते असं, नऊ ते तीन तिची रात्र, जाड पडदे, बेल बंद, तिचा फोन नवऱ्याकडे, मुलाची हाक त्यानं घ्यायची. शिफ्टच्या उत्तरार्धात चहा-कॉफी नाही, कारण कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात. नाईट संपल्यावर स्वतः गाडी चालवायची नाही. आणि वीसेक मिनिटांत झोप नाहीच लागली तर कुस बदलत पडायचं नाही, उठून मंद उजेडात बसायचं, डोळे जड झाले की परत. हा निद्रानाशाच्या सीबीटीचा, म्हणजे झोपेबद्दलचे विचार आणि सवयी बदलायच्या थेरपीचा भाग, जुन्या निद्रानाशावर गोळ्यांच्या आधी हीच थेरपी द्या असं अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेनं २०१६ मध्ये सांगितलंय. पण यातलाच झोपेचे तास मोजून कमी करायचा जो प्रकार आहे तो शिफ्टवाल्यांनी वाचून घरी करू नका, तो ही थेरपी शिकलेल्या माणसाबरोबरच. आणि जोरात घोरणं, सतत थकवा, मन उदास असं असेल तर आधी डॉक्टर, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या.

तिला आठ आठवडे लागले, मधला एक आठवडा तर पुन्हा पहिल्यासारखा गेला आणि ती रडलीही. आता बहुतेक दिवस पाच-साडेपाच तास सलग झोप होते, दुपारी ड्युटीआधी आणखी एक डुलकी. मशीनचा आवाज सेटिंगमध्ये बंद करता येतो हे नवऱ्यानं शोधून काढलं.