खलाशाचे 20 सेंट

प्रश्न : अमेरिकेत 1798 साली खलाशांच्या रुग्णालयांसाठी सरकारने कायदा केला, पण पैसे त्यांच्याच पगारातून कापले, असं वाचलं. मग सरकारने नेमकं काय दिलं?

उत्तर : सुरुवातीला सरकारने फक्त वसुलीची यंत्रणा दिली. राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स यांनी 16 जुलै 1798 रोजी सही केलेल्या या कायद्याने दर खलाशामागे महिन्याला 20 सेंट लावले. परदेशाहून आलेल्या जहाजाची बंदरात नोंद होण्याआधी कप्तानाने जकात अधिकाऱ्यापुढे माणसांचा हिशेब ठेवून रक्कम भरायची आणि ती पगारातून वळती करून घ्यायची. 12 खलाशी, 5 महिन्यांची सफर, म्हणजे 12 डॉलर. किनाऱ्याकिनाऱ्याने व्यापार करणाऱ्या जहाजांना हा हिशेब चुकता केल्याशिवाय नवा परवाना मिळत नसे. खोटा हिशेब दिल्यास 100 डॉलर दंड. जहाजमालकाचा वाटा मात्र शून्य! आपल्या कर्मचारी राज्य विम्यात मालक 3.25 टक्के आणि कामगार 0.75 टक्के भरतो, हे लक्षात घेतलं की तो अन्याय डोळ्यांत भरतो.

बांधकामाचं घोडं अडलं ते वेगळ्याच जागी. जमा पैसा आधी उपचारांवर जायचा. शिल्लक उरली तरच इमारत. त्यातून ज्या बंदराच्या हद्दीत वसुली, तिथेच खर्च, अशी अट. म्हणजे जिथे आजारी जास्त आणि जहाजं कमी, तिथे हात रिकामे. 1802 साली सगळ्या बंदरांचा निधी एकत्र केला आणि मॅसॅच्युसेट्समधल्या रुग्णालयासाठी 15,000 डॉलरपर्यंत खर्चाला मंजुरी दिली.

ओहायो, मिसिसिपी या नद्यांवरच्या बोटवाल्यांसाठी रुग्णालयं उभारायची, तर हा निधी पुरणारा नव्हता. तिथे सरकारी तिजोरीच उघडावी लागली. केंटकीतल्या लुईव्हिलचं रुग्णालय त्यातलंच. आराखडा रॉबर्ट मिल्स यांचा, काम 1845 ला सुरू झालं आणि रुग्णालय उघडलं 1852 ला. विटांची तीन मजली इमारत, नदीवरचा वारा खेळावा म्हणून लांब सज्जे. ती आजही उभी आहे. त्याच मालिकेतलं आर्कान्सातल्या नेपोलियन गावचं रुग्णालय मात्र 1868 साली नदीत कोसळलं. मिसिसिपी काठ कापत राहते. तिथे जागा चुकली, की पक्क्या बांधकामाचाही उपयोग नाही.

कपात 1870 साली 40 सेंटवर गेली. ती 1884 साली रद्द झाली आणि खर्चाचा भार जहाजांच्या टनभारावरच्या करावर गेला. खलाशाचा पगार सुटायला 86 वर्षं लागली.