गोठ्यात ओल, दारात चिखल: पावसाळी प्रश्नांना उत्तरं

यावेळी आलेली बहुतेक पत्रं पावसाचीच आहेत, त्यामुळे बाकीचे विषय पुढच्या अंकात घेऊ. पत्रं मोठी होती म्हणून प्रश्न थोडक्यात दिलेत.

प्रश्न : दोन गाई आणि एक कालवड आहे. पाऊस लागला की शेडच्या दारात घोटाभर चिखल होतो. दरवर्षी मुरूम टाकते आणि दरवर्षी तो गडप होतो. यंदा सरळ कोबा करून टाकू का?

उत्तर : ताई, कोब्याचं नंतर बघू. आधी एक काम करा, जोराचा पाऊस चालू असताना छत्री घेऊन शेडभोवती एक चक्कर मारा आणि पाणी नक्की कुठनं येतंय ते बघा. बऱ्याचदा ते आपल्याच छपरावरनं येत असतं. १ चौरस मीटर छपरावर १ मिलीमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी होतं, म्हणजे १५ बाय २० फुटांचं छप्पर धरलं आणि दिवसभरात ५० मिलीमीटर पाऊस झाला तर जवळजवळ १४०० लिटर पाणी पागोळ्यांनी दारात ओतलं जातं आणि त्यातच तुमच्या गाई दिवसभर ये-जा करतात, मग मुरूम किती टाकला तरी तो टिकणार कसा? म्हणून पहिला खर्च पन्हाळ आणि पाइपवर करा, पाणी शेडपासून लांब न्या. तेच पाणी पिंपात साठवलं तर धुण्याला होतं ते वेगळंच.

दुसरं उताराचं पाणी. शेडच्या वरच्या अंगाला आडवा चर काढा, मीटरमागे १ ते २ सेंटीमीटर उतार द्या म्हणजे पाणी वाहतं राहतं आणि चर गाळानं भरत नाही. हे दोन्ही झालं की मग दाराकडे वळा. तिथला मऊ चिखल खरवडून काढायचा, अगदी घट्ट जमीन लागेपर्यंत, कारण चिखलावरच मुरूम टाकला की तो वजनानं खाली जातो आणि चिखल वर येतो, तुमचं दरवर्षी तेच होतंय. घट्ट जमिनीवर जिओटेक्स्टाइलचं कापड (पाणी खाली सोडतं, पण माती आणि खडी एकमेकांत मिसळू देत नाही असं) अंथरा, त्यावर जाड खडी, आणि सगळ्यात वर बारीक कच म्हणजे खुरांना टोचत नाही. एवढं केलं तर कोब्याची गरजच पडणार नाही कदाचित. केलाच तर गुळगुळीत करू नका, ओल्या कोब्यावर गाय घसरली तर पाय मोडतो, आडव्या खाचा पाडून घ्या आणि मोरीकडे उतार ठेवा.

आणि एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. गाय दिवसाकाठी १० ते १२ तास तरी बसते, रवंथही बरंचसं बसूनच करते. जागा ओली असली तर ती उभीच राहते, मग दूध कमी होतं, खूर मऊ पडतात, आणि बसलीच तर सड शेणात लोळतात आणि कासदाह होतो. तिची जागा कोरडी आहे का हे बघायचं असेल तर ती जिथे बसते तिथे गुडघे टेकून अर्धा मिनिट बसा, कपडा ओला झाला तर भुसा बदलायची वेळ झाली. दार थोडं चिखलाचं राहिलं तर एक वेळ चालेल पण ही जागा ओली राहिलेली अजिबात चालणार नाही.

प्रश्न : आमच्या शेळ्या झड लागल्यापासून लंगडतायत, शिवाय सगळीकडे हिरवंगार गवत असून वाळत चालल्यात. दोन्हीचा काही संबंध आहे का?

उत्तर : कारणं दोन आहेत, पण दोन्ही ओलीतनंच आलेली. लंगडणाऱ्या शेळीचा पाय उचलून दोन नख्यांमधे बघा, तिथली कातडी लाल किंवा पांढरट ओलसर झाली असेल आणि सडका वास येत असेल (हा वास एकदा आला की परत विसरत नाही) तर खूर सडायला लागलंय. सैल झालेलं नख जपून कापा, रक्त काढू नका, आणि झिंक सल्फेटच्या पाण्यात पाय बुडवा, ९ लिटर पाण्याला १ किलो या हिशोबानं. ५-१० मिनिटं उभं करायचं आणि नंतर तासभर तरी कोरड्या जागेवर ठेवायचं, लगेच परत चिखलात सोडलं तर सगळी मेहनत वाया. मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) पण वापरतात लोक, पण कळपात मेंढ्या असतील तर तो टाळा, तांबं मेंढ्यांना फार लवकर बाधतं आणि तेच पाणी त्या पितात. आणि हो, तोंडात फोड, लाळ, ताप असं काही दिसलं तर ते लाळ्या खुरकूत असू शकतं, तेव्हा घरचे उपाय थांबवून ती शेळी वेगळी बांधा आणि डॉक्टरना लगेच कळवा.

वाळण्याचं म्हणाल तर जंतांचा संशय घ्या. पोटात रक्त पिणारा एक जंत असतो, उबदार दमट हवेत त्याची अंडी लेंड्यांमधे आठवड्याभरात अळ्या होऊन गवतावर चढतात. खालच्या पापणीची आतली बाजू उलटून बघा, लालगुलाबी असली तर ठीक, फिकट पांढरी असली तर अंगात रक्त राहिलेलं नाही. जबड्याखाली पाण्याची गाठ लोंबत असेल तर आणखीच उशीर झालाय. अळ्या बहुतेक गवताच्या बुडाशीच असतात म्हणून गवत वीतभर असलं की चरायला सोडा, चार बोटांवर आलं की तिथनं हलवा, आणि सकाळी दव सुकल्यावरच सोडा. झाडपाला जितका देता येईल तितका द्या. सगळ्या कळपाला दर महिन्याला सरसकट औषध पाजू नका प्लीज, त्यानं जंत औषधाला दाद देईनासे होतात आणि मग खरोखर गरज असते तेव्हा हातात काही उरत नाही. पापणी बघून ज्यांना हवं त्यांनाच, आणि वजन करून डॉक्टर सांगतील तेवढा डोस.

प्रश्न : घर ओढ्याला लागून आहे. मागे एकदा पाणी गोठ्यापर्यंत आलं होतं. पूर येणार असं वाटलं तर जनावरं नेमकी कधी हलवायची? उगाच आधीच हलवली तर सगळे हसतात.

उत्तर : हसू देत. दादा, जनावरं उजेडात आणि रस्ता कोरडा असताना हलवायची असतात. रात्री पावसात, पायाखालचं दिसत नसताना घाबरलेली गाय चार माणसांनाही आवरत नाही.

आत्ताच उघडीप असताना ओढ्याकाठच्या एखाद्या दगडावर किंवा खांबावर रंगानं खूण करा. पाणी तुमच्या वाटेवर यायच्या बरंच आधीची खूण हवी, गोठ्यात शिरायच्या आधीची पुरत नाही, कारण बहुतेक ठिकाणी गोठा बुडायच्या आधी वाट बुडते. खुणेला पाणी लागलं की निघायचं, तेव्हा चर्चा करत बसायचं नाही. कुठे जायचं ती उंचावरची जागा आधी ठरवून ठेवा, मालकाशी बोलून ठेवा, आणि एकदा सगळ्यांना कोरड्या दिवशी तिथे नेऊन आणा, वाट ओळखीची झाली की कळपातली पुढारी गाय चालते आणि बाकीच्या तिच्या मागनं येतात. तिथे ३-४ दिवसांची वैरण ताडपत्रीखाली ठेवा. पाण्याचा अंदाज असा धरा, दुभत्या गाईला दिवसाला ४० ते ६० लिटर, शेळीला ५-६ लिटर. चहूकडे पूर असतो आणि प्यायला थेंब नसतो, हे माहीत असूनही लोक नेमकं पाणीच विसरतात. प्रत्येक जनावराचा कानातला बिल्ला दिसेल असा फोटो मोबाइलमधे असू द्या, वाहून गेलेलं जनावर कुठे सापडलं तर ओळख पटवायला तोच कामी येतो.

आणि वेळ राहिलीच नाही, हलवणं जमणारच नाही असं झालं तर दावी सोडा. कापा लागलं तर. दारं उघडी टाका. गाई-म्हशी पोहतात, उंचवटा शोधतात, पण दाव्याला बांधलेलं जनावर जागच्या जागी बुडतं. पुरानंतर दिसणारं हे सगळ्यात वाईट दृश्य आहे आणि एका कोयत्यानं टळू शकतं, म्हणून तो कोयता गोठ्याच्या दाराशीच टांगलेला असू द्या. मेन स्विच बंद करा पण पाण्यात उभं राहून नाही. आणि वाहत्या पाण्यात जनावरामागे उतरू नका, घोट्याच्या थोडं वर, साधारण १५ सेंटीमीटर, जोरात वाहणारं पाणीसुद्धा माणसाला पाडतं.

तुम्ही विचारलं नाहीत, पण लसीचंही सांगतो, ती खरं तर पावसाच्या आधीच द्यायला हवी. घटसर्प आणि फऱ्या हे जनावरांचे दोन्ही रोग ओल्या दिवसांत जोर धरतात आणि लस दिल्यावर अंगात ताकद यायला २-३ आठवडे जातात. अजून दिली नसेल तर डॉक्टरांशी बोला, उशीर झाला म्हणून सोडून देऊ नका. गळ्याला सूज, भरपूर ताप, घरघर असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका, घटसर्पात दिवसाच्या आत जनावर जातं.

पाणी ओसरल्यावर बुडालेली वैरण वाळवून घालायचा मोह होतो, घालू नका. विहिरीचं पाणी गढूळ असेल तर ते नितळ झाल्यावरच ब्लीचिंग पावडर टाका, चांगली ताजी पावडर १००० लिटरला अडीच ग्रॅम, आणि किमान अर्धा तास थांबा. साचलेल्या पाण्यात उतरताना गमबूट घालाच आणि पायावरची जखम झाका, उंदरांच्या आणि जनावरांच्या लघवीतनं लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार येतो. एखादं जनावर अचानक मेलं आणि नाकातोंडातनं काळसर न गोठणारं रक्त आलं असेल तर ते अजिबात फाडू नका, सोलू नका, फाशी रोग (अँथ्रॅक्स) असू शकतो. सगळ्यांना लांब ठेवा आणि सरकारी पशुवैद्यकीय डॉक्टरना बोलवा.

प्रश्न : खुराड्यात डोळे चुरचुरतील इतका वास येतो आणि पिल्लं रक्ताची हगवण होऊन मरतायत. खुराडं बंद ठेवलंय, गारठा लागू नये म्हणून.

उत्तर : बंद ठेवल्यामुळेच झालंय. तो वास अमोनियाचा, ओल्या तुसातनं येणारा, आणि रक्ती हगवणीचे जंतू त्याच ओलीत एक-दोन दिवसांत तयार होतात. तूस मुठीत दाबा, मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर फार ओलं आहे, सुटं होऊन पडलं की बरोबर. पाण्याच्या भांड्याभोवतीचं ओलं तूस रोज काढायचं, भांडं कोंबडीच्या पाठीच्या उंचीवर टांगायचं म्हणजे पाणी सांडत नाही, आणि वरच्या बाजूला छपरालगत जाळी उघडी ठेवायची. कोंबडी कोरडी असेल तर गारठा सोसते, फक्त वारा थेट अंगावर यायला नको. लहान पिल्लांना ऊब हवीच, ती बल्बनं द्या. आजारी पिल्लांना औषध आजच सुरू करायला हवं, दुकानातनं अंदाजानं आणू नका, डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : वैरणीची गंजी वरनं कोरडी आहे पण आत हात घातला तर गरम लागते. बुरशीचा थोडाच वास आहे, तेवढी बाजूला काढून बाकीची घालू का?

उत्तर : आतनं गरम म्हणजे वैरण ओली असताना रचली गेलीय. २० टक्क्यांच्या वर ओल राहिली की आत जंतू वाढतात, उष्णता होते, आणि मोठी गंजी यानं पेटू पण शकते. हात ठेववत नसेल इतकी गरम असेल तर एकट्यानं उकरू नका, हवा लागली की भडकते, पाणी आणि माणसं जवळ ठेवून थोडी थोडी सोडवा. बुरशी लागलेली वैरण दुभत्या जनावराला नकोच. काही बुरश्यांचं विष दुधात उतरतं आणि दूध उकळून ते जात नाही. दिसणारी बुरशी काढली तरी विष आजूबाजूला पसरलेलं असतं. खतात घाला ती. पुढच्या वेळी खाली लाकडी पॅलेट ठेवा, जमिनीपासून हवा खेळती राहील.

प्रश्न : गादीवाफे, कुंपण, शेततळं अशी तीन कामं अर्धवट पडलीत. उघडीप मिळाली की कोणतं आधी?

उत्तर : कुंपण. शेततळं आत्ता खणू नका, ओली बाजू ढासळते आणि माणूस खाली सापडतो. वाफ्यांना हात लावायच्या आधी मातीचा गोळा करून बघा, बोटानं दाबल्यावर फुटला तर काम करा, नुसता चेपला तर थांबा, ओल्या मातीवर चाललं की ती दगडासारखी बसते आणि मुळांना हवा मिळत नाही. पुराचं पाणी लागलेली पालेभाजी मात्र काढून टाका, धुऊन पण खाऊ नका. कुंपणाचे खांब रोवताना खड्ड्याच्या तळाशी वीतभर खडी टाका आणि वर खांबाभोवती माती उंच चेपून बाहेरच्या बाजूला उतरती करा, लाकूड सडतं ते जमिनीला टेकतं तिथेच, तिथे पाणी थांबलं नाही तर खांब कितीतरी वर्षं जास्त टिकतो.