नव्या डॉक्टरला: आधी पेशंटचं ताट विचार

मधुमेहाचा पेशंट समोर बसला की लगेच ‘हे बंद, ते बंद’ सुरू करू नकोस. कालचं खाणं विचार. चहा किती वेळा, साखर किती? उपवासाची साबुदाणा खिचडी तर विचारच. लोक ती हलकी समजून खातात, पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च.

मग एकच बदल, आणि तोही त्यानेच निवडलेला. घरी ग्लुकोमीटर असेल तर जेवायला बसल्यापासून 2 तासांनी रक्तातली साखर मोजायला सांग. एक दिवस नेहमीसारखा भात खाऊन. दुसऱ्या दिवशी त्याने निवडलेला बदल करून: भात निम्मा आणि उसळ जास्त, किंवा जेवणानंतर 15 मिनिटं चालून. स्वतःच्या बोटातून आलेला आकडा जे पटवतो, ते मला वर्षानुवर्षं बोलून पटवता आलं नव्हतं. घरात स्वयंपाक कोण करतं, त्यांनाही सोबत बोलाव.

ग्लिमेपिराइड (साखर कमी करणारी गोळी) किंवा इन्सुलिन चालू असेल तर मात्र जपून. जेवण कमी झालं की साखर फार खाली जाऊ शकते. घाम, थरथर, गरगरणं ही लक्षणं आधीच समजावून सांग. डोस तू कमी कर, त्याने परस्पर गोळी सोडायची नाही. एचबीएवनसी, म्हणजे मागच्या 2-3 महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी, 3 महिन्यांनी बघ, त्याआधी घाई नको.