पहिल्या पगारातली पुस्तकं

प्रिय बेटा,

नोकरी लागली, जळगावात खोली मिळाली आणि पहिल्या पगारातून शंभर पुस्तकं एकदम मागवणार आहेस, हे वाचून फार आनंद झाला. पण ऑर्डर टाकण्याआधी थोडं थांब. आधी वाचनालयाचं सभासद हो.

व. वा. वाचनालय १८७७पासून तुमच्या शहरात आहे. अनामत भरायची, महिन्याची वर्गणी द्यायची आणि पुस्तक घरी न्यायचं. १९६७च्या ग्रंथालय कायद्यानं आपल्याकडच्या सार्वजनिक ग्रंथालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार सरकारी अनुदान मिळतं. त्यातला काही भाग ग्रंथखरेदीवर खर्चावाच लागतो, म्हणून हवं ते पुस्तक कपाटात नसेल तर मागणी नोंदव. सभासद मागतच नाहीत, मग कमिटी आपल्या मनानं खरेदी करते आणि आपण नावं ठेवतो. ग्रंथपालाशी ओळख वाढव. तुटपुंज्या पगारावर काम करणारी ही माणसं कुठल्या कपाटात काय दडलंय ते संगणकापेक्षा नेमकं सांगतात.

वाचनालयाच्या पुस्तकाला परतीची तारीख असते, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण. विकतचं पुस्तक ‘वाचू सावकाश’ म्हणून वर्षानुवर्षं पडून राहतं. शिवाय पटलं नाही तर आणलेलं पुस्तक पन्नासाव्या पानावर मिटता येतं. पैसे मोजलेलं पुस्तक माणूस उगाच ओढत नेतो, आणि तरुणपणी वाचनाची गोडी जाते ती अशा ओढण्यानं.

मग विकत काय घ्यायचं? जे पुस्तक वाचनालयातून दुसऱ्यांदा आणावंसं वाटेल ते. कविता घे, कारण ती पंधरा दिवसांत परत करण्याची गोष्ट नाही. एक चांगला शब्दकोश घे. छापील पुस्तकांसाठीची स्वस्त रजिस्टर टपालसेवा डिसेंबर २०२४मध्ये बंद झाली, तेव्हा बाहेरून मागवताना दोघा-तिघांनी मिळून मागव.

मोबाइलवर फिरणाऱ्या पीडीएफबद्दल स्पष्टच सांगतो. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, बालकवी तर १९१८ सालीच. त्यांचं लेखन आता सर्वांचं आहे, खुशाल उतरवून घे. पण हयात लेखकाचं नवं पुस्तक कुणी ग्रुपवर टाकलं तर उघडू नकोस. मराठीत हजार प्रतींची आवृत्ती संपायलाही वर्षं लागतात. त्यात हे फुकटचं वाटप म्हणजे पुढचं पुस्तक छापूच नका असं सांगणं.

आता रद्दी. रद्दीवाल्याच्या ढिगाशी बसायची लाज बाळगू नकोस. इतिहासाचार्य राजवाडे जुन्या कागदपत्रांची दप्तरं शोधत गावोगावचे वाडे आणि माळे पालथे घालत हिंडले. त्यातून १८९८पासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड निघाले. १९२६च्या अखेरीस ते धुळ्यात वारले आणि पुढच्याच वर्षी तिथं त्यांच्या नावानं संशोधन मंडळ उभं राहिलं. त्याच धुळ्यात समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देवांनी मठामठांतून समर्थ संप्रदायाची हस्तलिखितं जमवली. ती तिथल्या वाग्देवता मंदिर या हस्तलिखितांच्या संग्रहालयात आहेत. दोन्ही ठिकाणी एकदा जाऊन ये. कुणीतरी वेळेवर हात घातला नसता तर यातलं किती उरलं असतं, ते तिथं उभं राहिल्यावर कळतं. गावाकडचं जुनं घर पाडायला काढतील तेव्हा भंगारवाल्याच्या आधी तू माळ्यावर चढ. पोथी, जमाखर्चाची वही, लग्नपत्रिका, जे सापडेल ते बाजूला काढ. पहिल्या पानावर कुणाचं नाव-तारीख असेल तर ते पान फाडू देऊ नकोस.

‘आधी वाच, मग घे’ या नियमाला मी एकच अपवाद करतो: आपल्या भागातली पुस्तकं. अहिराणीतले कथासंग्रह, लेवा बोलीतल्या म्हणी-ओव्यांची संकलनं, एखाद्या शिक्षकानं स्वतःच्या खर्चानं छापलेला गावाचा इतिहास, ही दिसली की त्याच क्षणी घे. ती पुण्या-मुंबईच्या दुकानांत जात नाहीत, ऑनलाइनही क्वचितच मिळतात, आणि लेखकाच्या घरचा गठ्ठा संपला की संपली. फेब्रुवारी २०२४मध्ये अमळनेरला सत्त्याण्णवावं साहित्य संमेलन झालं, तसे मेळे भरतात तेव्हा मोठ्या स्टॉलवरची गर्दी सोडून कोपऱ्यातल्या टेबलाशी जा. तिथं लेखक स्वतः बसलेला असतो. पुस्तक घे आणि हा शब्द कुठल्या गावात असाच म्हणतात, ही ओवी कुणाकडून ऐकली, हे त्याला विचार. तो जे सांगेल ते पुस्तकात छापलेलं नसेल. त्याच पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर तारीख घालून लिहून ठेव. जमलं तर दोन प्रती घे, आणि दुसरी तुझ्या गावच्या वाचनालयाला दे, दाखलनोंद करून.

तुझा,
काका