टॉवेलवरील जादा शुल्क: तक्रार की वाटाघाटी?

सोलापुरी टॉवेलवर परदेशाने जादा आयातशुल्क लावल्यास भारत थेट जागतिक व्यापार संघटनेत दाद का मागत नाही, असे आपण विचारले आहे. मुळात तेथील तक्रारही वाटाघाटींनीच सुरू होते. सल्लामसलतीसाठी साधारणतः 60 दिवस द्यावे लागतात. शिवाय संघटनेचे अपील मंडळ डिसेंबर 2019 पासून ठप्प असल्याने हरलेला पक्ष अपील करून निकाल अधांतरी ठेवू शकतो.

त्यामुळे खरा जोर देवाणघेवाणीवर असतो. अमेरिकेने 2018 मध्ये पोलादावर 25 आणि ॲल्युमिनियमवर 10 टक्के शुल्क लावल्यावर भारताने 2019 मध्ये बदाम, अक्रोड, सफरचंद अशा वस्तूंवर प्रतिशुल्क लावले. ही निवड (माझ्या मते डावपेचाचा सर्वांत चतुर भाग) सहेतुक होती, कारण बदाम कॅलिफोर्नियाचे आणि सफरचंदे वॉशिंग्टन राज्याची, म्हणजे तेथील बागायतदारच अमेरिकी सरकारमागे तगादा लावणार. जून 2023 मध्ये यांपैकी काही प्रतिशुल्के मागे घेण्याच्या बोलीवर उभय देशांनी जागतिक व्यापार संघटनेतील सहा तंटे एकदमच मिटवले.

एकट्या कारखानदाराला जागतिक व्यापार संघटनेत तक्रार करता येत नाही, तो अधिकार सरकारचाच. म्हणून रद्द झालेल्या ऑर्डर व बंद पडलेल्या मागांची आकडेवारी निर्यात प्रोत्साहन परिषदेमार्फत वाणिज्य मंत्रालयाकडे पोहोचवावी.